सरड्याचा डोळा शार्प, गळा धूसर: क्लोजअपमध्ये डेप्थ ऑफ फिल्ड कशी सांभाळता?

रानजाई | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

आज पहाटे साडेपाचला जुळे सोलापुरातून निघून बार्शी रस्त्याने नान्नजच्या अलीकडच्या माळावर गेले होते. (अभयारण्याच्या हद्दीबाहेरच थांबले, आत जायला वनखात्याची परवानगी लागते.) एप्रिल लागला की इथे फॅन-थ्रोटेड सरड्यांचे नर दगडावर चढतात आणि गळ्याखालचा पंखा उघडमीट करायला लागतात. दोन वर्षं नुसतं लांबून बघत होते. यंदा पैसे साठवून १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स घेतली. कॅमेरा जुना, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर).

सात ते साडेआठ एक नर मिळाला. बिचारा दगड सोडून कुठे गेला नाही. शे-सव्वाशे फोटो काढले आणि खुशीत घरी आले. लॅपटॉपवर बघितले तेव्हा रडू यायचं बाकी राहिलं. एफ ४ च्या फोटोंत डोळा असा आलाय की पापणीवरचा खवला न् खवला मोजून घ्यावा. पण नाकाचं टोक धूसर, आणि ज्याच्यासाठी गेले तो पंखा म्हणजे नुसता रंगाचा डाग. म्हणून पुढचे एफ २२ ला काढले होते (आकडा मोठा म्हणजे लेन्सचं भोक बारीक), म्हटलं आता डेप्थ, म्हणजे पुढून-मागून शार्प दिसणारी खोली, वाढेल आणि सगळं येईल. तर त्यात काहीच शार्प नाही. डोळासुद्धा ताकात बुडवून काढल्यासारखा!

तुम्ही मंडळी सरडे, साप, पाली जवळून काढता तेव्हा कुठला एफ ठेवता? की माझी लेन्सच खराब निघालीय? परत करायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

कडक_भाकरी | रात्री ९:२२

ताई, आधी फोटो टाका की! सरडा न दाखवता नुसता प्रश्न म्हणजे शेंगा चटणीशिवाय भाकरी.

रानजाई | रात्री ९:४१

टाकले. पहिला एफ ४, दुसरा एफ २२. दोन्ही हातात धरूनच काढलेत, ट्रायपॉड नव्हता.

पठारी | रात्री १०:०५

पहिलं प्रचि (प्रकाशचित्र) मला तरी फार आवडलं. डोळा शार्प, बाकी सगळं विरघळलेलं, मॅक्रोची मजा तीच आहे. सगळं शार्प हवं असेल तर मग प्राणिशास्त्राच्या पुस्तकातलं चित्र होतं ते. माझा नियम: डोळा मिळाला की फोटो मिळाला. लेन्स मुळीच परत करू नका.

ताणाबाणा | रात्री १०:१८

पठारी, डोळ्याचं बरोबर आहे, पण ताईंना पंखा हवाय. त्या सरड्याचं सगळं बोलणंच त्या पंख्यात आहे. गाणाऱ्याचा फोटो काढायचा आणि तोंड धूसर ठेवायचं, असं होईल ते.

भिंग | सोमवार, सकाळी ६:५०

रानजाई, लेन्स उत्तम आहे. परत करू नका. मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे थोडा हिशोब मांडतो. कंटाळा आला तर सरळ शेवटच्या परिच्छेदावर जा.

तुमच्या सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिमीच्या आसपास. पहिल्या फोटोत डोकं, गळा आणि पुढचा पाय एवढाच भाग आहे, म्हणजे साधारण ४७ मिमी. याचा अर्थ मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या किती पट) अर्धं, १:२. क्रॉप सेन्सरला ०.०२ मिमीपर्यंतचा ठिपका आपण 'शार्प' धरतो. त्या हिशोबाने एफ ४ ला डेप्थ येते जेमतेम १ मिमी. एफ ८ ला २ मिमीच्या किंचित आत, एफ ११ ला अडीचच्या थोडी वर, एफ १६ ला पावणेचार, एफ २२ ला सव्वापाच.

आता सरड्याकडे बघा. डोळा डोक्याच्या बाजूला असतो. पंखा असतो हनुवटीखाली, शरीराच्या मधल्या रेषेवर. डोकं सेंटीमीटरभर रुंद धरलं तरी डोळ्याच्या पातळीपासून पंखा ४-५ मिमी आत गेला. तो अगदी बाजूने बसला असला तरी एवढं अंतर राहणारच. आणि इतक्या जवळून डेप्थ निम्मी फोकसच्या पुढे, निम्मी मागे अशी वाटली जाते. निसर्गदृश्यवाले 'एक भाग पुढे, दोन भाग मागे' सांगतात, ते इथे लागू नाही. म्हणजे डोळ्यावर फोकस करून एफ २२ ठेवला तरी मागे अडीच मिमीच मिळाले. पंखा तरीही बाहेर!

एफ २२ ला सगळंच मऊ का झालं? विवर्तनामुळे. बारीक भोकातून प्रकाश गेला की पसरतो. शिवाय जवळ गेलं की लेन्सवर लिहिलेला एफ खरा राहत नाही. त्याला (१ + मॅग्निफिकेशन) ने गुणायचं. २२ गुणिले दीड म्हणजे ३३. एफ ३३ ला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर ०.०४ मिमीपेक्षा मोठा ठिपका होऊन पडतो, आणि आपण तर ०.०२ ला शार्प म्हणत होतो. उजेडही सव्वादोन पट कमी झाला, शटर घसरलं असेल, त्यात हात हलला. तीन चाळण्यांतून गेल्यावर राहणार काय?

उपाय: मागे सरका. पूर्ण सरडा शेपटीच्या निम्म्यापर्यंत फ्रेममध्ये येऊ द्या, साधारण साडेचौदा सेंटीमीटर रुंद. मॅग्निफिकेशन ०.१६ होतं. मग एफ ८ ला १४ मिमी आणि एफ ११ ला २० मिमीच्या आसपास डेप्थ मिळते. डोळा आणि पंखा दोन्ही आरामात बसतात. आत्ता तुम्ही वीस-पंचवीस सेंमीवर असाल, तेव्हा पाऊण मीटरच्या जवळपास असाल. सरड्यालाही बरं.

रानजाई | सकाळी ७:३५

सर, दंडवत! दुसऱ्या फोटोची माहिती उघडून बघितली. शटर १/६० सेकंद! मी बघितलंच नव्हतं.

कडक_भाकरी | सकाळी ८:०२

अकरावीत असे शिकवणारे सर मिळाले असते तर मी आज सायन्सला असतो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पठारी | सकाळी ९:१५

भिंग सर, हिशोब मान्य. एक शंका. मागे सरकून नंतर क्रॉप केलं तर शेवटी तेच ना? क्रॉप म्हणजे मोठं करणं, मोठं केलं की धूसरपणाही मोठा.

भिंग | सकाळी १०:४०

चांगला प्रश्न. तेच होत नाही, थोडा फायदा होतो. अर्ध्या मॅग्निफिकेशनला एफ ८ वर १.९ मिमी मिळतात. पाव मॅग्निफिकेशनला काढून, त्यातला मधला अर्धा भाग कापून तेवढाच मोठा बघितला, तर शार्पपणाची अट दुप्पट कडक करूनही ३.२ मिमी मिळतात. मॅग्निफिकेशन कमी केलं की डेप्थ जवळजवळ त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि क्रॉपमुळे साध्या पटीत कमी होते, म्हणून हा फरक.

पण फुकट काही मिळत नाही. क्रॉपमध्ये विवर्तनाचा ठिपकाही मोठा होतो, आणि पिक्सेल एक चतुर्थांश उरतात. म्हणून मी 'थोडा मागे, थोडा क्रॉप' असं सांगतो. सरडा कोपऱ्यात मुंगीएवढा ठेवून नंतर कापणं बरोबर नाही.

ताणाबाणा | दुपारी १:३०

सरांनी आकड्यात सांगितलं ते मी आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

आमचं घर टॉवेल आणि चादरीच्या धंद्यातलं. कापडात इंचाला किती धागे आहेत ते मोजायला पिक ग्लास असते. पितळेचं घडीचं छोटं भिंग, खाली एक इंचाचं चौकोनी भोक. लहानपणी वडिलांनी ती हातात दिली तेव्हा मला वाटायचं भिंग बिघडलंय. मधले चार धागे दिसायचे आणि कडेचे पुसट. वडील म्हणाले, भिंग ठीक आहे, तू कापड नीट घाल. हाताने सुरकुती काढून कापड टेबलावर सपाट पसरलं, आणि इंचातले सगळे धागे एकदम दिसले. ताण्याचे आणि बाण्याचेही.

सरडा म्हणजे ते कापड समजा. आपल्याला त्याला हात लावून सपाट करता येत नाही (आणि करूही नये), म्हणून आपण सपाट व्हायचं. कॅमेऱ्याची पाठ त्याच्या अंगाला समांतर आली पाहिजे. तुमच्या पहिल्या फोटोत सरडा तिरका बसलाय, तोंड तुमच्याकडे आणि शेपूट पलीकडे. तिथे एफ कितीही वाढवा, तो तिरकेपणा गिळून टाकतो. मी पोटावर झोपतो, कोपर जमिनीवर टेकतो, आणि त्याची पाठरेषा व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कडेशी जुळते का बघतो. मग वरून खाली बघतोय की समोरून, हेही तपासायचं. उभं राहून खाली वाकून काढलं की पाठ शार्प आणि पाय धूसर, हे ठरलेलं.

गेल्या वर्षी असाच पालथा पडलो होतो तर रस्त्यावरून जाणारा एक मेंढपाळ येऊन विचारतो, "काय करूलालास बे उन्हात?" त्याला स्क्रीनवर सरडा दाखवला. पाच मिनिटं तोही शेजारी पालथा. आता कुठे सरडा दिसला की मला आवर्जून सांगतो.

हिप्परगा | दुपारी ३:४८

मी मुळात पक्षीवाला, हिप्परगा तलावावर असतो. माझ्याकडे मॅक्रो लेन्स नाही. ७०-३०० च्या झूम लेन्सला एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली पोकळ नळी) लावून सरडे काढतो. दीड मीटरवरून आरामात मिळतात, सरडा पळत नाही, मागचं बॅकग्राउंडही साफ येतं.

दोन गोष्टी सांगतो. लांब लेन्सने डेप्थ कमी मिळते असा एक समज आहे. फ्रेममध्ये सरडा तेवढाच मोठा असेल आणि एफ तोच असेल, तर क्लोजअपमध्ये १०० मिमी आणि ३०० मिमीची डेप्थ जवळजवळ सारखीच असते. वेगळं दिसतं ते बॅकग्राउंड. ३०० ला मागचा तुकडा छोटा येतो आणि जास्त विरघळलेला वाटतो.

दुसरं आपल्या सोलापूरचं. साडेनऊनंतर जमीन तापली की दगडाच्या वर हवा थरथरते. ती थरथर लेन्समध्ये आली की कुठल्याही एफला फोटो मऊच येतो, आणि माणूस फोकसला दोष देत बसतो. मे महिन्यात तर नऊलाच गुंडाळायचं.

भिंग | दुपारी ४:२०

हिप्परगा यांचं दोन्ही अगदी बरोबर.

सीनाकाठ | सोमवार, रात्री ८:५५

फोकस स्टॅकिंगचं अजून कुणी काढलं कसं नाही! एफ ५.६ ला, जिथे लेन्स सगळ्यात शार्प असते, तिथे फोकस थोडा थोडा सरकवत १५-२० फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे. नव्या कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग आतच असतं. विवर्तनाची भानगडच नाही.

मी गेल्या दिवाळीत विहिरीच्या कठड्याजवळ धामणीची अख्खी कात मिळाली होती, तिचं डोकं ४२ फोटोंतून जोडलं. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघून येतो. माझ्या फोटोत ती डोळ्याची गोल काच दिसते. घड्याळाच्या काचेसारखी फुगीर, कडेला बारीक दुमड, आणि आतून पलीकडची माती दिसते. एका फोटोत हे कधीच आलं नसतं.

रानजाई | रात्री ९:०५

कातेचा फोटो बघितला. अंगावर काटा आला, चांगल्या अर्थाने. पण जिवंत सरड्यावर जमतं का हे? तो तर श्वास घेतो.

सीनाकाठ | रात्री ९:३०

पहाटे उन्हाला बसलेला सरडा कधीकधी अर्धा मिनिट हलत नाही. तेव्हा भराभर ५-७ फ्रेम हाताने घेऊन मला तीन-चार वेळा जमलंय. गळा हलतो, छाती हलते, तिथे दुहेरी कडा येतात, मग तेवढा भाग एकाच फ्रेममधून घ्यायचा. पंखा उघडमीट करणाऱ्या नरावर मात्र विसरा. गेल्या आठवड्यात फार्महाऊसवाल्या एका मित्राने सुचवलं की पाल थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की हलत नाही, मग हवे तितके फ्रेम घे. मी केलं नाही, पण असं करतात का लोक?

विरोळा | रात्री ९:४४

करतात. आणि हे वाचून मला राहवत नाही.

मी बारा वर्षं साप पकडून सोडायचं काम करतोय, वनखात्याला कळवून, नोंद ठेवून. मागे एका हौशी ग्रुपने मला बोलावलं. वस्तीत घोणस निघाली होती. पकडली, बरणीत घातली. ग्रुपमधले लोक म्हणाले, तासभर थांबा, लाइट लावतो, वेटोळं करून बसवा, तोंड कॅमेऱ्याकडे आलं पाहिजे, डेप्थ मिळत नाही. एकाने तर गारव्याच्या पेटीत ठेवू म्हणून बर्फ आणला होता. मी नाही म्हणालो, तर "दादा, एक फोटो तर आहे" असं सुरू झालं. मी बरणी उचलून निघून आलो. त्या दिवशी मी फार चिडलो होतो, आणि आजही आठवलं की चिडतो.

थंड रक्ताचा प्राणी म्हणजे त्याच्या अंगातली ऊब बाहेरून येते. थंड केलं की तो शांत होत नाही. त्याला हलता येत नाही एवढंच. पळायचं असतं, पण अंग ऐकत नाही. तो फोटो जोडून कितीही शार्प झाला तरी मला त्यात तेच दिसतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय साप, घोरपड पकडणं, डांबणं हा गुन्हा आहे. फोटोसाठी म्हटलं तरी गुन्हाच.

विषारी सापासाठी डेप्थचा हिशोब करायला बसूच नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी काहीही दिसलं तर मॅक्रो लेन्स पिशवीत ठेवा. हिप्परगांसारखी लांब लेन्स लावा आणि अंतर ठेवा. घोणस वेटोळं घालून फुत्कारते तेव्हा ती तुम्हाला अंतर सांगत असते. फुरसे वीतभर-दीड वीत असतं म्हणून लोक जवळ जातात. आपल्याकडच्या मुरमाच्या माळावर ते दगडाखाली असतं, आणि सरड्यासाठी पालथं पडताना आधी आजूबाजूचे दगड नजरेने तपासा. दगड उलटू नका. ताणाबाणा, तुम्हालाही हे सांगतोय.

सीनाकाठ | रात्री ९:५८

विरोळा दादा, बरं झालं स्पष्ट लिहिलंत. मित्राला आत्ताच हा प्रतिसाद पाठवला.

ताणाबाणा | रात्री १०:१०

दादा, मान्य. बसण्याआधी काठीने आवाज करतो, पण दगड बघायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. यापुढे बघेन.

पठारी | मंगळवार, सकाळी ८:२०

विरोळा, +१.

अवांतर: रानजाई, तुम्हाला माहीत असेल, या सरड्यांचा एक नवा गट २०१६ मध्ये वेगळा केला गेला तेव्हा त्याच्या शास्त्रीय नावात आपला मराठी 'सरडा' शब्दच घेतला. त्यातली 'सुपर्बा' ही जात साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची. मी दर मे महिन्यात तिथे जातो. पवनचक्क्यांच्या खाली, वाऱ्यात, दगडावर उभा राहून तो निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो तेव्हा मी दोन-तीन मिनिटं कॅमेरा उचलतच नाही.

तुमच्या धाग्यामुळे जुने फोटो काढून बघितले. खरं सांगतो, माझ्या 'डोळा मिळाला की फोटो मिळाला' नियमाने पंखा मोजून चार फोटोंत नीट आलाय. बारा वर्षांत. भिंग सर, यंदा मी एफ ११ लावणार. माझा कॅमेरा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) आहे, मला हिशोब सांगाल का?

भिंग | सकाळी ९:०५

फुल फ्रेमला तेवढ्याच साडेचौदा सेंमीच्या चौकटीसाठी मॅग्निफिकेशन पाव लागतं. शार्पपणाची मर्यादा ०.०३ धरू. एफ ८ ला साडेनऊच्या वर, एफ ११ ला १३ मिमी. रानजाईंना त्याच चौकटीत एफ ८ ला १४ मिळतात. सेन्सर लहान असेल तर तेवढाच सरडा टिपताना डेप्थ जास्त मिळते, असा त्याचा अर्थ. मोठा सेन्सर घेतला म्हणजे क्लोजअप सोपा होतो असं नाही.

कडक_भाकरी | सकाळी ९:३०

सर, मग माझ्या मोबाइलचा सेन्सर तर नखाएवढा. मी राजा झालो ना?

भिंग | सकाळी ९:४७

डेप्थच्या बाबतीत खरंच राजा! बाकी बाबतीत कॅमेरावाल्यांना थोडं राज्य राहू द्या.

कडक_भाकरी | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

मग माझाही अनुभव लिहितो. घरामागच्या कडुनिंबावर साधा बागेतला सरडा असतो, त्याच्यावर दोन महिने काढतोय.

मोबाइलचं मॅक्रो मोड म्हणजे तीन-चार सेंमीवर जावं लागतं. तेवढं जवळ गेलं की मोबाइलची सावली सरड्यावर, आणि सरडा फांदीच्या पलीकडे. मी आता मॅक्रो बंद करून झूमची लेन्स वापरतो, फूटभर लांबून. पोर्ट्रेट मोड तर अजिबात नको. तो डेप्थ खोटी बनवतो. सरड्याच्या मानेवर काट्यांची ओळ असते ना, त्यातले निम्मे काटे त्याने बॅकग्राउंड समजून पुसून टाकले. माझा सरडा टकला झाला.

रानजाई | मंगळवार, रात्री ८:००

टकला सरडा! दोन दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसले. तुमचा फांदीवरचा फोटो छान आहे हो, काटे सगळे आलेत.

फ्लॅशबद्दल कुणी सांगेल का? एफ ११ ला उजेड कमी पडणार ना?

ताणाबाणा | रात्री ८:४०

उन्हात सात-साडेसातनंतर फ्लॅशची गरज नाही, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० पर्यंत जा. सावलीत लागतो. फ्लॅश उघडा मारला तर खवल्यांवर पांढरे चट्टे येतात. मी पांढऱ्या मांजरपाटाचे दोन थर, मध्ये चार बोटं अंतर ठेवून तारेच्या चौकटीवर शिवून घेतलेत, लेन्सच्या तोंडापर्यंत पुढे येतात. एकाच थराने मधे उजळ गोळा दिसतो, दुसऱ्या थराने तो पसरतो. कापड नवं असेल तर आधी धुऊन खळ काढा, नाहीतर पिवळट छटा येते.

विरोळा | रात्री ९:००

रात्रीच्या पालींवर, बिबट्या पालीवर तर खासच, मी एक-दोन फ्लॅशच्या पुढे जात नाही. अंधारात त्यांची बाहुली पूर्ण उघडी असते. आणि सापाचा डोळा दुधाळ निळसर दिसला तर तो कात टाकायच्या बेतात आहे, त्याला नीट दिसत नसतं, लवकर बिथरतो. तसा साप दिसला तर फोटो न घेता परत फिरा.

रानजाई | पुढचा रविवार, दुपारी १२:२०

मंडळी, धागा वर काढतेय. आज पुन्हा गेले होते, त्याच माळावर. लेन्स परत केली नाही हे सांगायला नकोच.

तोच दगड, बहुतेक तोच नर. आधी विरोळा दादांनी सांगितल्याप्रमाणे दगड नजरेने तपासले. मग चादर पसरली (सोलापुरीच) आणि पाऊण मीटरवर पालथी पडले. एफ ११, आयएसओ ८००, शटर १/६४०. सव्वासातपासून तो माझ्याकडे तोंड करून बसलेला. पंखा उघडायचा, पण समोरून. तसा नुसता पातळ पट्टीसारखा दिसतो. मागच्या रविवारी मी तेव्हा उठून त्याच्या बाजूला गेले असते आणि तोही वळला असता. या वेळी हललेच नाही. चाळीस मिनिटं. कोपरांना मुरमाचे खडे रुतले होते.

आठच्या सुमाराला पलीकडच्या दगडावर दुसरा नर चढला. आणि माझा नर आपणहून आडवा झाला. पुढच्या पायांवर उंच उभा, पूर्ण बाजूने, त्या दुसऱ्याला आपलं अंग आणि पंखा दिसावा म्हणून. मी जिथे होते तिथून तो अगदी समांतर. ताणाबाणा, तुमचं कापड त्याने स्वतःच पसरून दिलं! पंखा सहा वेळा उघडला. फोकस मी डोळ्यावर न ठेवता डोळ्याच्या मागच्या कोपऱ्यावर, किंचित आत ठेवला होता, सरांचं 'निम्मं पुढे, निम्मं मागे' आठवून.

फोटो टाकलाय. डोळा आहे, पंख्यावरचे खवले आहेत, पंख्याच्या कडेची घडीसुद्धा आहे. शेपटी धूसर झालीय, ती मागे वळली होती.

पठारी | दुपारी १२:३१

हे बघून मी चाळकेवाडीचं बुकिंग आठवडाभर आधीचं केलं.

ताणाबाणा | दुपारी १२:४०

ताई! काय फ्रेम आहे! पंखा पूर्ण ताणलेला. शेपटीचं काही वाटून घेऊ नका.

भिंग | दुपारी २:१५

फार सुंदर. एक सुचवतो. मोबाइलवर आणि लॅपटॉपवर बघून समाधान मानू नका. ०.०२ ची मर्यादा साधारण हातभर अंतरावरून बघितलेल्या छोट्या प्रिंटसाठी धरलेली असते. मोठी प्रिंट जवळून बघितली की डेप्थ कमी झालेली दिसते, कारण डोळा जास्त मागतो. ए३ ला तुमचे २० मिमी कमी होऊन १२ च्या आसपास येतील. तरी पंखा आत बसायला हवा. एकदा छापून बघा.

रानजाई | बुधवार, रात्री ८:३०

सर, आज ए३ प्रिंट घेऊन आले. टेबलावर ठेवून ताणाबाणांसारखं भिंगाने बघितलं (पिक ग्लास नाही, आईचं पंचांग वाचायचं भिंग). पंखा पूर्ण आत आहे. पंख्याच्या कडेचे खवले मोजले, एका बाजूला एकोणीस. पलीकडचा पुढचा पाय मोबाइलवर शार्प वाटत होता, तो प्रिंटमध्ये मऊ आहे.

आईने विचारलं, हा कोणावर चिडलाय? तिला दुसऱ्या दगडावरच्या नराची गोष्ट सांगितली. आता प्रिंट हॉलमध्ये लावायची आहे. कडक_भाकरी, तुमच्या कडुनिंबाच्या सरड्याचीही मोठी फाइल पाठवा, तोही शेजारी लावते.